‘काळे करून ये’ म्हणण्यापूर्वी



या पानावर आजवर आम्ही निकालांविषयी, शिष्यवृत्तीविषयी, गणेशोत्सवाविषयी आणि आपल्या मुलांच्या मराठीविषयी लिहीत आलो. या वेळी पार्लरमध्ये केस रंगवण्याविषयी लिहीत आहोत. "संपादक मंडळाला आता विषय मिळेनासे झाले वाटते," असे आपल्यापैकी कुणी म्हणेल. म्हणू द्या. जे घडले ते आपल्याच शाळेत घडले आणि त्यातला काही दोष आमच्या पदरात पडतो. तेव्हा गप्प बसणे बरे नव्हे.

हकीकत अशी. स्नेहसंमेलनाला आठ-दहा दिवस राहिले असताना नववीतली एक मुलगी कानांजवळच्या दोन बटा सोनेरी करून शाळेत आली. घरात लग्न होते, मावशीने हौसेने करून दिल्या होत्या. नियमाप्रमाणे तिच्या डायरीत शेरा गेला : ‘उद्या केस काळे करून यावे.’ आई नोकरी करणारी. संध्याकाळी सात वाजता ऑफिसातून सुटल्यावर ती मुलीला घेऊन घराजवळच्या एका पार्लरमध्ये गेली. लग्नसराई असल्याने तिथे गर्दी. "दीदी, बस काला कर दो, सुबह स्कूल है," एवढेच बोलणे झाले. नुसत्या बटा वेगळ्या दिसतील म्हणून डोकेभर काळा रंग लावला, पाऊण तासाने धुतला आणि काम झाले. दुसऱ्या दिवशी मुलगी वेळेवर आली, शेरा खोडला गेला आणि आम्ही तालमीला लागलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला डोळे उघडता येईनात. कपाळ, पापण्या, कान सुजले होते आणि डोक्याच्या कातडीतून पाणी येत होते. दवाखाना झाला, इंजेक्शने झाली, नाटकातली भूमिका गेली. डॉक्टरांनी आईला पहिलाच प्रश्न विचारला, "हिने पूर्वी कधी काळी मेंदी लावली होती का?" लावली होती. आदल्या वर्षी एका लग्नात हातावर काढली होती, दोन दिवस खाज सुटली होती आणि मग सगळे विसरून गेले होते.

मुलगी आता बरी आहे. पंधरा दिवसांनी शाळेत आली तेव्हा शेरा लिहिणाऱ्या बाईंना तिने अगदी साधेपणाने विचारले, "बाई, सोनेरी बटांनी मला काहीच झालं नव्हतं. काळ्या रंगानं झालं. मग शेरा कशासाठी होता?"

त्या बाई आमच्याच मंडळात आहेत. त्यांना उत्तर देता आले नाही आणि त्यांनी तो प्रश्न आमच्यापुढे ठेवला तेव्हा आम्हांलाही देता आले नाही. त्यानंतर आम्ही जे वाचले, जाणकारांना जे विचारले आणि आपसांत जे भांडलो, त्याचा हा गोषवारा आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. शाळेत केस रंगवून येऊ नये हा नियम असावा. मात्र ‘काळे करून ये’ हा त्यावरचा इलाज नाही. तो मूळ दोषापेक्षा घातक आहे.

आपल्या सर्वांच्या मनात एक समजूत पक्की बसली आहे. लाल, निळा, सोनेरी म्हणजे ‘रंग’, आणि काळा म्हणजे जणू रंगच नव्हे, जे होते ते परत आणले, बस्स. केसाला मात्र तसे वाटत नाही. पेटीतला काळा हाही एक रंग आहे आणि अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने पाहिले तर तो सर्वांत जड रंगांपैकी आहे. हे का, ते समजण्यासाठी थोडे विज्ञान पाहावे लागेल. विद्यार्थ्यांनी कंटाळू नये, यातले काही त्यांच्याच अभ्यासक्रमात आहे.

केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो, जिवंत काय ते कातडीखालचे मूळ. केसाच्या बाहेरच्या अंगाला कौलांसारखी एकावर एक बसलेली खवल्यांची आवरणे असतात आणि आतल्या गाभ्यात रंगद्रव्य असते, त्याला मेलॅनिन म्हणतात. त्याचेही दोन प्रकार. एक काळसर-तपकिरी, दुसरा लालसर-पिवळा. आपल्या केसांत पहिला भरपूर असतो, म्हणून ते काळे दिसतात. आता पार्लरमध्ये कोणतेही नाव सांगितले, तरी केसावर होणाऱ्या क्रिया तीनच. रंग वर बसतो, किंवा रंग आत शिरतो, किंवा आतला असलेला रंग काढला जातो.

वर बसणारा रंग एका धुण्यात जातो. नाटकवाले फवारा मारतात किंवा रंगीत खडू फिरवतात, तो हा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे खवल्यांच्या जरा आत जाऊन बसणारा, सहा ते बारा धुण्यांत हळूहळू उतरणारा रंग. काळ्या केसांवर या दोन्हींचा फार प्रभाव दिसत नाही. काळ्या पाटीवर निळ्या पेनाने लिहावे तसे होते.

आत शिरणारा रंग म्हणजे ज्याला ‘पर्मनंट’ म्हणतात तो. त्यात दोन बाटल्या किंवा दोन ट्यूब असतात. एकीत अमोनिया किंवा त्याच्यासारखा दुसरा क्षार असतो, तो खवले उघडतो. त्याच ट्यूबमध्ये रंगाचे अगदी लहान रेणू असतात, ते गाभ्यात शिरतात. दुसऱ्या बाटलीतले हायड्रोजन पेरॉक्साइड आत त्यांच्याशी क्रिया करते, ते रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि मग आल्या वाटेने बाहेर पडू शकत नाहीत. त्या लहान रेणूंपैकी गडद रंगांसाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमाइन, थोडक्यात पीपीडी. रंग जितका गडद, तितके सहसा त्याचे प्रमाण अधिक. सौम्य तपकिरीत कमी, काळ्यात जास्त. बहुतेक माणसांना त्याने काही होत नाही. परंतु ज्याच्या शरीराने एकदा या द्रव्याशी वैर धरले, त्याचे ते वैर सहसा आयुष्यभर सुटत नाही आणि दर खेपेला आधीपेक्षा जोरात उसळू शकते.

तिसरी क्रिया म्हणजे ब्लीच. यात रंग घातला जात नाही, काढला जातो. काळा केस एकदम सोनेरी होत नाही. आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा अशा पायऱ्या उतरत जातो. म्हणून ज्या मुलामुलींना मोबाइलवर पाहिलेला राखाडी किंवा निळा रंग हवा असतो, त्यांना आधी ब्लीचच्या वाटेने जावेच लागते, हे पार्लरवाले कधी सांगतात, कधी सांगत नाहीत. ब्लीचने केस कोरडे होतात, तुटतात, कातडीवर राहिले तर भाजते. त्याचे नुकसान खरे आहे. परंतु ब्लीचमध्ये पीपीडी नसते. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. सोनेरी बटा केवळ ब्लीचच्या होत्या आणि कातडीपासून दूर होत्या. आम्ही ज्याला ‘दुरुस्ती’ म्हणालो, त्या काळ्या रंगात तिच्या अंगाला न सोसणारे द्रव्य होते आणि ते डोकेभर कातडीला लागले.

आता पार्लरमधल्या पद्धतींकडे वळू. नावे फ्रेंच-इंग्रजी असली तरी प्रकार अवघड नाहीत. सर्व केसांना मुळापासून टोकापर्यंत एकच रंग लावणे याला ‘ग्लोबल’ म्हणतात. मुळाशी पांढरे दिसू लागले की तेवढेच रंगवणे म्हणजे ‘रूट टच-अप’. निवडक बटा वेगळ्या काढून, चांदीच्या कागदात गुंडाळून त्या उजळणे म्हणजे ‘हायलाइट’, वीस वर्षांपूर्वी आपण त्याला ‘स्ट्रीक्स’ म्हणत होतो. ब्रशने मोकळ्या हाताने वरवर फटकारे मारून उजळणे म्हणजे ‘बालायाज’. हा शब्द झाडू मारण्यावरून आलेला आहे, पद्धत १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये रूढ झाली. आणि वर गडद, खाली फिकट असा उतरता रंग म्हणजे ‘ओम्ब्रे’.

निवड करताना बहुतेक जण रंगांचा तक्ता पाहतात. आमच्या मते तक्ता सर्वांत शेवटी पाहावा. पहिला प्रश्न, हे कातडीला लागणार आहे का? ग्लोबल आणि रूट टच-अप लागतातच. बालायाज व ओम्ब्रे कातडीपासून दूर राहतात, हायलाइट मुळाजवळून सुरू होतात पण नीट केले तर कातडीला लागत नाहीत. दुसरा प्रश्न, केस वाढल्यावर काय दिसेल? केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. काळा ग्लोबल केलेल्या पांढऱ्या केसांच्या मुळाशी महिन्याभरात रेघ उमटते, म्हणून चार-सहा आठवड्यांनी पुन्हा खुर्चीत बसावे लागते. बालायाज मुळापाशी नसते, म्हणून ते वाढत गेले तरी विचित्र दिसत नाही आणि कित्येक महिने हात लावावा लागत नाही. पहिल्या दिवशी स्वस्त वाटणारी पद्धत वर्षाअखेर महाग पडते ती अशी. तिसरा प्रश्न, परत फिरता येईल का? एकदा काळा केलेला केस नुसता फिका रंग लावून फिका होत नाही, रंगावर रंग चढवून उजळता येत नाही, त्याला पुन्हा ब्लीचच लागते. आणि चौथा प्रश्न, ज्यासाठी लग्नसराईच्या गर्दीत कुणाला वेळ नसतो : आधी चाचणी कोण करणार?

ही चाचणी काही मोठी नाही. रंगाच्या वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा आणि ४८ तास वाट पाहायची. खाज, लाली, फोड, काहीही दिसले तर रंग लावायचा नाही. "गेल्या वर्षी लावला होता, काही झालं नाही," हे कारण पुरेसे नाही, कारण अ‍ॅलर्जी मध्येच कधीतरी सुरू होते. ४८ तास म्हणजे दोन दिवस. आमच्या शेऱ्यात ‘उद्या’ असे लिहिले होते. त्या एका शब्दाने आम्ही चाचणीची वाट बंद करून टाकली होती.

आपल्या देशातही पीपीडी असलेल्या केसरंगाच्या वेष्टनावर सावधानतेची सूचना छापावी लागते. यातील घटकांनी काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी करावी, आणि हा रंग भुवयांना व पापण्यांना लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकते, असा तिचा आशय असतो. ही सूचना ज्या पुडीवर असते ती पुडी पार्लरच्या आतल्या खोलीत फाडली जाते आणि गिऱ्हाईकापुढे येते ती वाटी. युरोपीय संघात अशा रंगांवर आणखी एक ओळ असते, की हे उत्पादन १६ वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही. आमची मुलगी १४ वर्षांची आहे.

"आम्ही मेंदी लावतो, आम्हांला काय त्याचे," असे म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. मेंदीचे पान गुणी आहे यात शंका नाही. राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला तर २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पानात लॉसोन नावाचे द्रव्य असते, ते केसातल्या केराटिनला धरून बसते आणि नारिंगी-तांबूस रंग देते. आजी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर मेंदी भिजवायची, त्याने रंग जरा गडद यायचा, पण कावळ्यासारखा काळा कधी यायचा नाही. नुसत्या मेंदीने काळा येत नाही. त्यासाठी नंतर निळीच्या पाल्याचा लेप द्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून चौक बाजारात असो वा न्यू मार्केटात, ‘अर्ध्या तासात काळी’ म्हणून जो कोन किंवा जी पुडी मिळते, तिच्यात पानाखेरीज आणखी काही आहे असे समजावे. बऱ्याचदा ते पीपीडीच असते आणि हातावर काढायच्या काळ्या मेंदीत ते किती घातले आहे याला काही धरबंद नसतो. लहान वयात हातावर निघालेल्या त्या नक्षीतून शरीर वैर धरायला शिकते आणि काही वर्षांनी डोक्यावर रंग लावला की हिशेब चुकता करते. आमच्या विद्यार्थिनीचे नेमके हेच झाले. तेव्हा पुडीवर ‘हर्बल’, ‘नैसर्गिक’ किंवा ‘अमोनियारहित’ लिहिले आहे एवढ्याने समाधान मानू नये. अमोनिया नाही याचा अर्थ पीपीडी नाही असा होत नाही. मागे घटकांची यादी असते, ती वाचावी.

ज्या गावाने १९८४ च्या डिसेंबरातली ती रात्र पाहिली, त्या गावातल्या माणसाला ‘यात काय आहे?’ हे विचारायला संकोच वाटू नये. केसांच्या रंगाची त्या संकटाशी तुलना करण्याचा आमचा बिलकूल हेतू नाही. पण आमच्यापैकी ज्यांच्या घरात त्या रात्रीचे खोकले अजून ऐकू येतात, त्यांना एवढे ठाऊक आहे की डब्यात काय आहे हे ज्याला सांगितले जात नाही, त्याला दवाखान्यात नीट औषधही मिळत नाही. विचारण्याची सवय लहान गोष्टींतच लागते.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा मुलगा लंडनमध्ये डांबरापासून मलेरियावरचे क्विनाइन तयार करता येते का ते पाहत होता. क्विनाइन जमले नाही, बाटलीत जांभळा रंग उरला. तिथून कृत्रिम रंगांचा सगळा पसारा वाढला. पुढे १९०७ मध्ये यूजीन श्यूलर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने केसांचा कृत्रिम रंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली, तीच आज लॉरेयाल म्हणून जगभर ओळखली जाते. सांगण्याचा हेतू हा की पार्लरची वाटी आणि शाळेची प्रयोगशाळा यांच्यात फार अंतर नाही. प्रयोगशाळेत हातमोजे, चष्मा आणि बाटलीवरची चिठ्ठी यांवाचून आम्ही तुम्हांला हात लावू देत नाही. पार्लरमध्येही तोच रिवाज असायला हवा.

हातमोज्यांवरून आठवले. आपल्या शाळेच्या काही माजी विद्यार्थिनी आज याच व्यवसायात आहेत आणि मानाने चार पैसे मिळवीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात केशकर्तन व केशरंजनाचे काम करणाऱ्यांचा व्यवसाय ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवला. स्वतःचे केस रंगवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र पुरावा निर्णय देण्याइतका पुरेसा नाही असे म्हटले. म्हणजे खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा खुर्चीमागे उभी असणारीला धोका अधिक. ती दिवसातून आठ वेळा रंग कालवते. तिने हातमोजे घातले आहेत का, खिडकी उघडी आहे का, हे गिऱ्हाईकाने पाहिले तर त्यात तिचाही फायदा आहे. "दीदी, आज राहू द्या, आधी चाचणी करा, परवा येते," असे म्हणणारे गिऱ्हाईक तिला त्रासदायक वाटू नये, एवढे काम आपण पालक म्हणून करू शकतो.

आता थोडे आमच्याविषयी. हा लेख लिहायला बसलो तेव्हा आम्ही पाच जण होतो. पाचांपैकी चार जण केस काळे करतो. पाचवे गृहस्थ करीत नाहीत, कारण त्यांना केसच फारसे उरलेले नाहीत. मुलीच्या दोन बटांवर शेरा लिहिणारा हात आदल्याच रविवारी काळ्या रंगाच्या वाटीत बुडाला होता, हे आमच्या लक्षात आले तेव्हा खोलीत जरा वेळ शांतता होती. त्यातल्या एक जण म्हणाल्या, "मी रंगवते ते हौसेने नाही. पांढरे केस घेऊन नोकरीवर गेले की सगळे ‘आता कधी रिटायर होणार’ विचारतात." हेही खरे आहे. आमच्या घरातल्या बायकांवर काळ्या केसांची सक्ती कुणी लेखी केलेली नाही, पण ती आहे. आणि आपण तीच सक्ती मुलींच्या डायरीत लेखी केली.

केसांवर हक्क कुणाचा, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. एके काळी विधवांचे केस जबरदस्तीने उतरवले जात. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी हे काम आम्ही करणार नाही असे जाहीर केले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. शाळेच्या नियमाला त्या क्रूर प्रथेच्या पंगतीत आम्ही बसवीत नाही. पण ज्याच्या हातात शेऱ्याचे पेन आहे त्याने ते कधी खाली ठेवावे, याचा धडा तिथून घेता येतो.

"मग काय, मुलांना निळे-हिरवे होऊन येऊ द्यायचे?" असा प्रश्न आमच्याच मंडळातल्या एका ज्येष्ठांनी टेबलावर हात आपटून विचारला. त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. गणवेश असतो तो कुणाच्या घरी किती पैसे आहेत हे वर्गात दिसू नये म्हणून. एका बालायाजच्या पैशांत एखाद्या घरचा महिन्याचा बसचा खर्च निघतो. शेजारच्या बाकावरची सोनेरी झाली की दुसरीला आईकडे हट्ट धरावासा वाटतो, आणि तो हट्ट पुरवता आला नाही की आई रात्री रडते. म्हणून नियम हवा, याबद्दल आमच्यात दुमत राहिले नाही. दुमत होते ते नियम मोडल्यावर काय करायचे याबद्दल. दोन बैठका झाल्या आणि अखेर ज्येष्ठांनीच तोड काढली. ते म्हणाले, "केस वाढतात. आपणही थोडे थांबायला शिकू."

त्यावरून विश्वस्त मंडळापुढे आम्ही पुढील विनंत्या ठेवीत आहोत. पहिली, दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांनी केसांना कोणताही रासायनिक रंग किंवा ब्लीच लावू नये असा नियम असावा आणि त्याचे कारण नियमाखालीच छापावे. शिस्त हे कारण पुरेसे नाही, वय आणि आरोग्य हेही लिहावे. दुसरी, कुणी रंगवून आलेच तर ‘काळे करून ये’ असे तोंडी वा लेखी कधीही सांगू नये. मुलीने वेणी घालावी, मुलाने केस कापत जावेत, रंग वाढून निघून जाऊ द्यावा. पालकांना बोलावून समज द्यावी, पण डोक्यावर दुसरी प्रक्रिया लादू नये. तिसरी, स्नेहसंमेलनात आणि गणेशोत्सवाच्या झांकीत आजोबा-आजी साकारणाऱ्या मुलांना टोप द्यावा, घरून रंग लावून येण्यास सांगू नये. चौथी, शाळेच्या कोणत्याही कार्यक्रमात काळ्या मेंदीचे कोन आणू नयेत, पानाची मेंदी खुशाल आणावी. पाचवी, प्रवेशाच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या आरोग्यपत्रकात ‘मेंदी, रंग यांची अ‍ॅलर्जी’ असा एक रकाना असावा. आमच्या विद्यार्थिनीला आता काही बधिर करणाऱ्या मलमांचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते, असे डॉक्टरांनी बजावले आहे. ही गोष्ट शाळेला ठाऊक असलीच पाहिजे.

बारावी पार केलेल्या, उद्या पुण्याला, इंदूरला, बंगळूरला जाणाऱ्या मुलामुलींना आम्ही नियम सांगत नाही, त्यांचे केस त्यांचे आहेत. फक्त खुर्चीत बसण्यापूर्वी चार गोष्टी बोलाव्यात. पूर्वी केसांना काय काय लावले ते खरे सांगावे, मेंदीसुद्धा, कारण बाजारच्या काही मेंदीत धातूंचे क्षार असतात आणि त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस खराब होऊ शकतात. पुडी आपल्यासमोर फोडायला सांगावी. चाचणीसाठी दोन दिवस आधी जावे. आणि पहिल्याच वेळी डोकेभर रंग करण्याऐवजी कातडीपासून दूरच्या चार बटांपासून सुरुवात करावी. आवडले तर पुढे जाता येते, नाही आवडले तर कात्री आहेच.

पालकांना, विशेषतः आमच्यासारख्या पिकल्या केसांच्या मंडळींना, एकच सांगणे. मुलाला ‘रंग लावू नकोस’ म्हणण्यापूर्वी रविवारी वाटी घेऊन बसताना त्याला जवळ बसवावे, पुडी वाचून दाखवावी, आपण का लावतो हे खरे सांगावे आणि कानामागची चाचणी त्याच्याकडून करून घ्यावी. शंभर शेऱ्यांनी होणार नाही ते एका रविवारी होईल. मंडळातल्या एका बाईंनी तर या निमित्ताने रंग लावणेच थांबवले आहे. सध्या त्यांच्या भांगाजवळ दोन बोटे रुंद पांढरी पट्टी दिसते. विद्यार्थ्यांनी त्यावरून हसू नये. कुणी हसलेच, तर बाई रागावणार नाहीत, कारण विचारतील त्यांना त्या अख्खी रसायनशास्त्राची तासिका घेतात.

वरील विनंत्या विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीपुढे लेखी देत आहोत. ज्या पालकांना त्यात भर घालायची असेल किंवा जे आमच्याशी असहमत असतील, त्यांनी दोन ओळी लिहून शाळेच्या कार्यालयात द्याव्यात, पुढील अंकात त्यांना अवश्य जागा देऊ. आणि त्या विद्यार्थिनीला, जिच्या प्रश्नामुळे हे पान लिहिले गेले : शेरा चुकीचा होता. आम्ही तो मागे घेतो. पुढच्या स्नेहसंमेलनात तुझी भूमिका तुझी वाट पाहते आहे.